कातडीच्या तुकड्याची साक्ष



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी संप, टाळेबंदी, बोनस असल्या एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. आजचा माझा विषय ऐकून मात्र काहींना वाटेल, की ह्या गृहस्थाने भलत्याच शेतात नांगर घातला. कातडीवरची गाठ किंवा व्रण डॉक्टर कापून काढतात आणि 'तुकडा तपासायला पाठवला आहे' असे सांगतात. तो तुकडा कापल्यापासून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जाईपर्यंत त्याची तयारी कशी होते, एवढाच माझा विषय आहे. मी डॉक्टर नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण लेथवर आणि रात्रशाळेत झाले. तेव्हा मी सांगेन ते विचारून विचारून शिकलेल्या माणसाचे सांगणे आहे, पंडिताचे नव्हे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका सोबत्यामुळे. आमच्या खात्यात एक टर्नर होता. बावीस वर्षे त्याने लेथ चालविला. कटिंग ऑइलचे शिंतोडे सतत उजव्या हातावर उडत, बाही सदैव तेलाने भिजलेली असे. पुढे त्या हाताला मनगटाच्या वर एक खरबरीत चट्टा उठला. खपली धरी, निघे, पुन्हा धरी. वर्षभर त्याने मलमावर काढले. शेवटी एका दवाखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, तो चट्टा कापून काढला आणि तुकडा तपासणीला गेला. बारा दिवसांनी कागद आला. त्यावर लिहिले होते, 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा', म्हणजे कातडीच्या वरच्या थरातील पेशींचा कर्करोग. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती: रोग एका कडेपर्यंत पोचलेला आहे, परंतु तुकड्यावर दिशेची खूण नसल्याने ती कड कोणती ते सांगता येत नाही.

ह्या एका ओळीची किंमत ऐका. कोणत्या बाजूला रोग उरला ते ठाऊक असते, तर डॉक्टरांनी तेवढ्याच बाजूची थोडी कातडी काढली असती. ते ठाऊक नसल्यामुळे जखमेच्या भोवतालची सगळी कातडी काढावी लागली. ती जागा भरण्यासाठी मांडीची कातडी आणून लावावी लागली, आणि माणूस दोन महिने बिनपगारी घरी बसला. हे सारे टाळण्यासाठी तुकड्याच्या एका टोकाला दोऱ्याचा एक टाका घालायचा होता. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

मी तावातावाने एका प्रयोगशाळेत गेलो. तेथे काम करणाऱ्या तंत्रज्ञ बाई मला म्हणाल्या, "भाऊ, भांडायचं असेल तर खुशाल भांडा. पण आधी आम्ही काय करतो ते बघून घ्या." मी बघितले. पुढे अनेकदा जाऊन बघितले. आज सांगतो आहे ते तेथेच शिकलेले आहे.

मुद्देमाल आणि पंचनामा

लेबर कोर्टात जन्म गेला असल्याने मला ही गोष्ट कोर्टाच्या भाषेतच चटकन उमगते. कापलेला तुकडा हा मुद्देमाल होय. त्याच्याबरोबर जाणारा अर्ज हा पंचनामा. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेले डॉक्टर हे न्यायाधीश. त्यांनी रोगी पाहिलेला नसतो, व्रण पाहिलेला नसतो. मुद्देमाल बिघडला किंवा पंचनामा अर्धवट राहिला, तर न्यायाधीश कितीही विद्वान असोत, निकाल अपुराच लागणार.

म्हणून तयारी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरू होते. कातडीवरचा संशयित व्रण बहुधा डोळ्याच्या आकाराचा, दोन्ही टोके निमुळती असा कापतात, म्हणजे जखम सरळ रेषेत शिवता येते. व्रणाभोवती निरोगी दिसणाऱ्या कातडीची एक पट्टीही बरोबर घेतात; ती किती रुंद घ्यायची हे रोगावर आणि जागेवर अवलंबून असते. तुकडा चिमट्यात धरावा लागतो, पण मधोमध आवळून धरला तर पेशी चिरडतात आणि चिरडलेल्या पेशी ओळखू येत नाहीत. म्हणून जाणता हात तो कडेला, खालच्या चरबीला, हलकेच धरतो. विजेच्या सुईने जाळून कापले तर कड होरपळते आणि नेमकी जी कड वाचायची तीच वाचता येत नाही.

त्यानंतर आपला टाका. डॉक्टर घड्याळाची भाषा वापरतात. डोक्याच्या दिशेला बारा वाजले असे समजायचे, आणि तेथे टाका घालून अर्जावर लिहायचे, 'टाका बारा वाजता'. कित्येक ठिकाणी दोन टाके घालतात, एक आखूड दोऱ्याचा वरच्या बाजूला आणि एक लांब दोऱ्याचा बाहेरच्या बाजूला. तुकडा अंगावरून सुटला, की त्याला वर-खाली, डावे-उजवे काही उरत नाही. हा दोरा त्याला त्याची दिशा परत देतो.

मग बाटलीवरचे नाव. येथे एक साधा नियम आहे: चिठ्ठी बाटलीच्या अंगावर लावायची, झाकणावर नाही. टेबलावर चार बाटल्या उघड्या पडल्या, की झाकणांची अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो? चिठ्ठीवर नावाबरोबर नोंदणी क्रमांक किंवा अशीच दुसरी एखादी ओळख हवी, कारण एका नावाची माणसे आपल्याकडे पुष्कळ. दोन जागचे दोन तुकडे असतील तर दोन बाटल्या हव्यात, आणि कोणता तुकडा कोणत्या अंगाचा तेही लिहिलेले हवे.

फॉर्मॅलिनचे काम

शरीरापासून सुटलेला तुकडा त्याच क्षणापासून नासू लागतो. उन्हाळ्यात कापून ठेवलेल्या मटणाचे काय होते ते गृहिणींना सांगायला नको. हे नासणे थांबविण्यासाठी तुकडा ताबडतोब फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. बाजारात मिळणाऱ्या तीव्र द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे हे दहा टक्के फॉर्मॅलिन असते, आणि त्याचा आंबटपणा मारण्यासाठी त्यात क्षार घातलेले असतात. ते आंबट राहिले तर तुकड्यात काळसर तपकिरी कण उतरतात, आणि कातडीच्या रोगात, जेथे काळ्या रंगालाच अर्थ असतो, तेथे असले कण घोटाळा करतात.

ह्या औषधाचा गुण १८९३ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे फर्डिनांड ब्लूम ह्या डॉक्टराच्या ध्यानात आला. जंतू मारण्यासाठी तो हे द्रावण वापरीत होता. काम करता करता आपल्या बोटांची कातडी ताठर झालेली त्याला दिसली. आपल्या बोटांना जे झाले ते कापलेल्या तुकड्यालाही होईल, हे त्याने ओळखले. ज्या कातडीचा आपण विचार करतो आहोत, तिनेच हा शोध लावून दिला म्हणायचे!

फॉर्मॅलिन भरपूर लागते, तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट. ते आत शिरते सावकाश. ताशी जेमतेम एक मिलिमीटर, पुढे पुढे त्याहूनही हळू. म्हणून लहान तुकड्यालाही काही तास आणि मोठ्याला रात्रभर भिजत ठेवावे लागते. रिपोर्ट लवकर मिळावा म्हणून खिडकीशी हुज्जत घालणारे मी पाहिले आहेत. मीही घातली आहे. पण कच्चा भिजलेला तुकडा पुढे नीट कापला जात नाही आणि नीट रंगतही नाही.

बाटलीचे तोंडही रुंद हवे. बाईंनी मला एक चिंचोळ्या तोंडाची बाटली दाखविली. कापलेली ताजी कातडी मऊ असते, तेव्हा ती आत सहज सरकते; फॉर्मॅलिनने ताठ झाली की बाहेर येत नाही. मग बाटली फोडा नाहीतर तुकडा ओढा. काही ठिकाणांहून तुकडा नुसत्या मिठाच्या पाण्यात येतो, कधी कोरड्या कापसात गुंडाळून येतो. कातडीच्या काही खास तपासण्यांना फॉर्मॅलिन न लावलेला तुकडाच लागतो, पण त्या तशा आधी ठरवून करायच्या असतात. एरवी पाण्यातला तुकडा नासतो आणि कापसातला वाळतो.

शाई आणि सुरी

प्रयोगशाळेत बाटली आली की प्रथम अर्ज आणि चिठ्ठी ताडून पाहतात. जुळले नाही तर काम तेथेच थांबते. जुळले की क्रमांक पडतो, आणि यापुढे तुकड्याच्या प्रत्येक भागावर तोच क्रमांक चालत राहतो. मग तुकड्याची लांबी, रुंदी व जाडी मोजतात. त्यावरचा व्रण केवढा, कोणत्या रंगाचा, कोणत्या कडेपासून किती दूर, हे लिहून घेतात. कातडी कापताक्षणीच आकसते, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी मोजलेले अंतर येथे थोडे कमीच भरते.

त्यानंतरची क्रिया मला सर्वांत आवडली. तुकडा टिपून कोरडा करतात आणि कापलेल्या बाजूंना व तळाला शाई लावतात. टाक्याच्या खुणेने एका अंगाला एक रंग, दुसऱ्या अंगाला दुसरा. ही शाई पुढच्या सगळ्या रसायनांतून टिकून राहते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्याच्या कडेने रंगीत रेघ होऊन दिसते. शेताची हद्द जशी दगड रोवून कायम करतात तशीच ही हद्द. रोगाच्या पेशी शाईला भिडल्या असतील तर रोग मागे राहिल्याची भीती. दूर असतील तर किती दूर ते मोजता येते. दोन रंगांमुळे बाजूही सांगता येते. माझ्या सोबत्याच्या तुकड्यालाही शाई लावली होती. पण टाकाच नव्हता, तर कोणत्या रंगाला कोणती बाजू म्हणायचे?

शाई वाळली की सुरी. अळूवडीचा उंडा आपण आडवा कापून चकत्या करतो. प्रत्येक चकतीत पानाचे आणि पिठाचे सगळे थर दिसतात. कातडीचा तुकडाही असाच, दोन-तीन मिलिमीटरांच्या अंतराने आडवा कापतात, म्हणजे प्रत्येक चकतीत वरची त्वचा, खालची त्वचा आणि तळाची चरबी क्रमाने दिसते. दोन्ही निमुळती टोके वेगळी ठेवतात, कारण तीही कडाच आहेत. चकत्या लहान जाळीदार डब्यांत घालून डब्यांवर क्रमांक टाकतात.

मेणापासून काचेपर्यंत

इतकी मऊ वस्तू केसाहून पातळ कापायची तर तिला आधार हवा. तो आधार पॅराफिन मेणाचा. पण मेण आणि पाणी यांचे जमत नाही. म्हणून चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवून प्रथम पाणी काढायचे, मग झायलीनने अल्कोहोल काढायचे, आणि झायलीनच्या जागी सुमारे साठ अंशांवर वितळलेले मेण मुरवायचे. हे काम आता बहुतेक ठिकाणी रात्रभर यंत्र करते. सकाळी मात्र माणूसच लागतो. मुरलेली चकती साच्यात ठेवून वर मेण ओतायचे असते, आणि ती ठेवताना कातडीचा काठ नेमका उभा राहावा लागतो.

ती तिरपी बसली तर काय बिघडते? ऊस तिरपा कापून पाहा. चकती खऱ्याहून लांबट दिसते. मेलानोमा नावाचा काळ्या डागाचा घातक कर्करोग आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा अशा ठिकाणी विशेषकरून आढळतो. अलेक्झांडर ब्रेस्लो ह्या अमेरिकन डॉक्टराने १९७० साली दाखवून दिले, की हा रोग वरच्या त्वचेपासून किती मिलिमीटर खोल गेला आहे, त्यावर रोग्याचे पुढचे भवितव्य पुष्कळसे कळते. ते माप मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत घेतात, आणि पुढची शस्त्रक्रिया केवढी करायची हे त्यावर ठरते. चकती तिरपी बसली की मापही खोटे.

मेणाची वडी मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चढवून तिचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे पापुद्रे कोमट पाण्यावर सायीसारखे तरंगतात. ते काचपट्टीवर अलगद उचलून घेतात. मग रंग. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून काढलेले हेमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रे निळी-जांभळी करते, आणि इओसिन बाकीचा भाग गुलाबी करते. ही काच डॉक्टरांपुढे जाते आणि तुकडा आपली साक्ष देतो.

'कडा मोकळ्या' म्हणजे काय

येथे एक हिशेब आपल्यापुढे मांडतो. चकत्या तीन मिलिमीटर अंतराने कापल्या, प्रत्येक चकतीतून पाच मायक्रॉनचा एकच पापुद्रा घेतला, तर तीन हजार मायक्रॉनांपैकी पाच मायक्रॉन पाहिले गेले; म्हणजे सहाशे भागांतला एक. तेव्हा रिपोर्टात 'कडा मोकळ्या आहेत' असे येते, त्याचा प्रामाणिक अर्थ 'जेथे पाहिले तेथे कडा मोकळ्या आहेत' असा असतो. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. रोग बहुधा सलग पसरतो, त्यामुळे थोड्या जागी पाहूनही बहुतेक वेळा बरोबर अंदाज येतो. शंका वाटल्यास त्याच वडीतून आणखी खोलचे पापुद्रे काढता येतात. चेहऱ्यासारख्या नाजूक जागी, जेथे रेसभर कातडीही वाया घालवायची नसते, तेथे फ्रेडरिक मोहस ह्यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत सुरू केलेल्या पद्धतीने सगळीच्या सगळी कड तपासण्याची सोयही काही मोठ्या रुग्णालयांत आहे. पण रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो जेवढ्या काळजीने तयार केलेल्या तुकड्यावर लिहिला, तेवढाच खरा असतो.

काचेखाली धंदा दिसत नाही

आता माझ्या मूळ पिंडाकडे वळतो. माझ्या सोबत्यासाठी आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला. खनिज तेल, डांबर, पिच ह्यांच्यामुळे होणारा कातडीचा कर्करोग १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद झालेला होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही व्यवसायजन्य रोगांची यादी जोडलेली आहे. म्हणजे कायदा आमच्या बाजूचा होता. पण तुकड्याबरोबर गेलेल्या अर्जावर 'व्यवसाय' ही जागा कोरी होती. समोरच्या वकिलाने तो कागद हातात धरून विचारले, "ह्या रोगाचा तेलाशी संबंध कुठे लिहिला आहे?" उत्तर आमच्याजवळ होते, कागद नव्हता. शेवटी दावा तडजोडीत मिटला, आणि तडजोडीत कोण किती सोडतो ते मी आपल्याला सांगायला नको.

काचेखाली कर्करोग दिसतो, धंदा दिसत नाही. धंदा माणसाने विचारून लिहावा लागतो. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट ह्या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कातडीवरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो ते काय काम करतात हे पाहिले म्हणून. १९२२ साली मँचेस्टरच्या साउदॅम आणि विल्सन ह्यांनी सूतगिरण्यांतील कामगारांमध्ये तोच रोग दाखविला. तेथे कारण होते चात्यांना घातलेले तेल. आणि आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी १९४५ साली डॉ. सूर्याबाईंच्या सहकार्याने एका कर्करोगाचे वर्णन केले. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे धोतर घट्ट आवळल्याने तेथील कातडी घासते, काळवंडते आणि क्वचित तेथे कर्करोग होतो. नुसता तुकडा पाहून धोतराचे नाव कोणाला सुचले असते? म्हणून अर्जावर वय, जागा, किती दिवसांपासून, आधी काही कापले होते का, ह्यांच्याबरोबर 'काय काम करतो' हेही लिहिले गेले पाहिजे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. हे सारे काम ज्या हातांनी होते त्या हातांचे काय? ज्या फॉर्मॅलिनमुळे तुकडा टिकतो त्याची वाफ डोळे व घसा जाळते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मॅल्डिहाइड हे माणसाला कर्करोग करणारे द्रव्य ठरविले. तुकडे कापण्याच्या टेबलावर वाफ ओढून घेणारा पंखा हवा, हातमोजे हवेत. मी पाहिलेल्या एका जागी पंखा होता, पण तो बंद पडून कित्येक महिने झाले होते. दुसऱ्याचा कर्करोग शोधून देणाऱ्याला आपण त्याच रोगाच्या तोंडी द्यावे, हे कोणत्या न्यायात बसते?

मग आपण, म्हणजे बाटली ज्याच्या नावाची आहे त्याने, काय करावे? डॉक्टरांना आदराने तीन गोष्टी विचाराव्यात. काढलेला तुकडा तपासणीला जाणार आहे ना? कारण कधी कधी 'साधा तीळ आहे' म्हणून तो बादलीत जातो, आणि एकदा गेला की साक्षीदारच गेला. दुसरे, बाटलीवर माझे नाव व जागा लिहिली आहे ना, आणि दिशेची खूण केली आहे ना? तिसरे, माझे काम अर्जावर लिहिले आहे ना? कागद हाती आला की तो जपून ठेवावा. मेणाच्या वड्या आणि काचा प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे राहतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर त्या मागून घेता येतात, पुन्हा कापून घ्यावे लागत नाही. हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझा सोबती आज हयात आहे. हातावर मांडीच्या कातडीचा चौकोन आहे. उन्हात तो वेगळ्या रंगाचा दिसतो. युनियनच्या कचेरीत आता कोणी दवाखान्यातून आले की तोच पहिला प्रश्न विचारतो, "टाका घातला का रे?" नव्या पोरांना तो थट्टेचा विषय वाटतो. मग तो बाही वर करून दाखवितो, आणि थट्टा थांबते.